आजीचं चरित्र लिहायचं तर आधी तिचं माहेर शोधा

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आजोबांपासून सुरुवात करतो, मग पणजोबा, मग खापरपणजोबा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत ही वाट आणखीच सोपी वाटते, कारण पुरुषांची नावं मिशनने लिहून ठेवलेली आहेत. अमुक गावी शिक्षक, तमुक गावी सुवार्तिक म्हणजे धर्मप्रचारक, पुढे पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. बायका मात्र त्या कागदांत 'त्यांची पत्नी' एवढ्याच उरतात. खरं तर पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे केस विंचरून त्यांना रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेलं ते बायकांनी. म्हणून माझा आग्रह आहे की घराण्याचा इतिहास अशा एका बाईपासून सुरू करावा. माझ्या आईची आई राहुरीची. तिचं चरित्र मी लिहून काढलं, नातेवाइकांना वाटलं आणि ते करताना जी पद्धत हाताशी आली ती इथे सांगते. उदाहरणं नगर जिल्ह्यातली आहेत, पण सोलापूर, सातारा, जालना किंवा मिरजेकडच्या घरांनाही ती बरीचशी लागू पडतील.

पहिलं काम कागदांचं नाही, जिवंत माणसांचं. घरातल्या आणि मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांतल्या, सगळ्यांत वयस्कर बायकांकडे आधी जा. वही उघडून 'तुमचा जन्म कधीचा, लग्न कधी झालं' असं विचारलंत तर तारीख मिळणार नाही आणि बोलणंही खुंटेल. त्यांचं वर्ष ज्या गोष्टींवर चालायचं त्यांवरून विचारा. तुमचं लग्न नाताळाच्या आधी झालं की सुगी उरकल्यावर? पहिलं मूल पोटात होतं तेव्हा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेला चालत गेला होता का? ठळक घटनांचे खुंटे हाताशी ठेवा. १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आता ऐकीवच राहिली आहे, पण 'मानमोडीत आईची आई गेली' असं एखादी मावशी सहज बोलून जाते. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातून कोण आपल्याकडे येऊन राहिलं, १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा भावकीतलं कोण तिकडे गेलं आणि कोण चर्चमध्ये राहिलं, १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी कोणी खाल्ली, खडी फोडायला कोण गेलं, हे सगळं विचारा. 'लाल ज्वारीच्या वर्षी धाकटा चालायला लागला' हे उत्तर एखाद्या दाखल्याइतकंच कामाचं आहे, आणि बऱ्याचदा दाखल्यापेक्षा खरंही.

फोनवर आवाज टिपून घ्या, पण आधी विचारून. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त वेळ बसू नका. शक्य असेल तर दोन बायकांना एकत्र बसवा. माझ्या आजीच्या दोन धाकट्या बहिणींना शेजारी बसवलं तेव्हा एक म्हणाली, "मडमसाहेबांनी अक्काला बोर्डिंगात नेलं." दुसरी लगेच म्हणाली, "नेलं कसलं, आईनंच सोडलं, घरात खायला नव्हतं." त्या दोन वाक्यांमधून मला एक पूर्ण प्रकरण मिळालं. एकटीला विचारलं असतं तर एकच बाजू हाती लागली असती.

मग घरातल्या वस्तू. जुन्या बायबलची पहिली आणि शेवटची कोरी पानं पाहा. जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू तिथे टिपून ठेवायची पद्धत अनेक घरांत होती. सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेल्या दिसल्या तर त्या नंतर आठवून एकदमच लिहिल्या असण्याची शक्यता मोठी, म्हणून त्या तारखा दुसरीकडे पडताळून घ्या. भजनाच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर नाव आणि गाव असतं. शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) बक्षीस मिळालेल्या पुस्तकावर वर्ष आणि देणाराची सही असते. आजीच्या पेटीत असं एक पुस्तक होतं. तिला तिसरीत पाठांतराचं बक्षीस मिळाल्याचं त्यावर लिहिलेलं होतं, आणि ती बोर्डिंगात कोणत्या वर्षी होती याचा पहिला लेखी पुरावा तोच. फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का पाहा. चिकटवलेले फोटो ओढून काढू नका, पानासकट त्यांचा फोटो घ्या, तोही खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. जुना कागद लॅमिनेट करू नका आणि त्याला चिकटपट्टी लावू नका. फोटोत कोण आहे ते मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको.

आता चर्चच्या वह्या. खरी कमाई इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

आधी आपली मंडळी मुळात कोणत्या मिशनची होती ते शोधा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ पासून नगरला स्थिरावले. पुढे इंग्लंडच्या चर्चची, म्हणजे अँग्लिकन, मिशनही जिल्ह्यात आली. कॅथलिक धर्मगुरूंचं काम राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडे वाढलं. हरेगावची मतमाउलीची (येशूची आई मरिया हिची) यात्रा त्यातलीच. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि अमेरिकन मिशनच्या व अँग्लिकन मंडळ्या एका छताखाली आल्या. त्यामुळे आज एकाच नावाची पाटी असलेल्या दोन देवळांतल्या जुन्या वह्यांचे रकाने वेगवेगळे दिसतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपित्याची आणि धर्ममातेची (गॉडफादर-गॉडमदरची) नावं असतील आणि दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) वेगळी वही असेल तर मंडळी बहुधा अँग्लिकन. सभासद म्हणून 'मंडळीत घेतले' अशा तारखांच्या याद्या असतील तर बहुधा अमेरिकन मिशनची. कॅथलिक वहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात त्या व्यक्तीच्या पुढच्या लग्नाची टीप लिहिलेली असते. म्हणजे माहेरच्या चर्चमधल्या एका ओळीवरून मुलगी कोणत्या गावी दिली तेही कळू शकतं. कॅथलिक घरांनी समास आवर्जून पाहावा.

वही पाहायला रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठू नका. त्यांच्याभोवती तेव्हा सगळी मंडळी असते. आधी साध्या कागदावर अर्ज लिहा: आपलं नाव, कोणाची माहिती हवी, आपलं त्यांच्याशी नातं काय, अंदाजे कोणती वर्षं. तो पाळकांना आणि कमिटीच्या सेक्रेटरीला द्या आणि आठवड्यातला एखादा दिवस मागून घ्या. वही घरी न्यायची मागणी करू नका. फोटो घ्यायची परवानगी मिळाली तर फक्त आपल्या कुटुंबाच्या नोंदींचे घ्या. इतरांच्या घरातल्या खाजगी गोष्टी त्याच पानावर असतात. गावात जुनी वही नसेल तर ती शेजारच्या मोठ्या मंडळीत किंवा डायोसीसच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात गेली असेल, तिथे चौकशी करा. निघताना अर्पण ठेवा. देवळाच्या छपराला ते नेहमीच लागतं.

लग्नाच्या नोंदीपासून सुरुवात करणं मला सगळ्यांत फलदायी वाटतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नांची नोंद ठरावीक नमुन्यात ठेवायला लावली, म्हणून ती इतर नोंदींपेक्षा भरीव असते. वधूवरांची नावं, वय, अविवाहित की विधवा, धंदा, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव आणि साक्षीदारांच्या सह्या तिथे मिळतात. साक्षीदारांकडे नीट पाहा. आजीच्या लग्नात साक्षीदार म्हणून जिची सही आहे ती बाई आमच्या नात्यातली नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की ती बोर्डिंगातली तिची मैत्रीण, पुढे मिशनच्या दवाखान्यात नर्स झालेली. तिच्या मुलीकडे माझ्या आजीची पत्रं निघाली. त्या बाईचं नाव कोणत्याही वंशवृक्षात आलं नसतं.

यापुढची युक्ती बायकांच्याच इतिहासाला लागू पडते. सासरच्या चर्चमध्ये आजीच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली नाही तर नोंदच झाली नाही असं समजू नका. पहिलं बाळंतपण माहेरी. आई बाळाला घेऊन दोन-तीन महिने तिथेच राहायची, आणि बाप्तिस्मा अनेकदा माहेरच्या देवळात उरकला जायचा. म्हणून पहिल्या अपत्याची नोंद माहेरच्या वहीत शोधा. ती सापडली की तिच्या आसपासच्या पानांवर तिची भावंडं, आईवडील, चुलते भेटतात. आणि माहेर कुठलं हेच कळत नसेल तर उलटं करा. कुटुंबात पहिल्या मुलाचं जन्मगाव कोणतं सांगतात ते विचारा. सासरच्या गावापेक्षा वेगळं गाव निघालं तर बहुधा तेच माहेर.

बाप्तिस्म्याच्या वहीत फक्त आपली ओळ वाचून थांबू नका, त्याच तारखेच्या वरच्या-खालच्या ओळी वाचा. एकाच दिवशी एकाच वाड्यातल्या पाच-सहा घरांनी बाप्तिस्मा घेतलेला दिसला तर तो घराघरांनी मिळून केलेला निर्णय होता. एकट्या बाईची मोठ्या वयातली नोंद असेल तर तिची गोष्ट निराळी, ती खोलात जाऊन शोधायला हवी. वडिलांचा रकाना कोरा असेल तर लाज वाटून ते पान उलटू नका. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आईबाप गमावलेली कितीतरी मुलं मिशनच्या ठाण्यांवर वाढली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही दुष्काळातल्या मुली मोठ्या संख्येने आल्या. आजीची आई अशीच अनाथ मुलगी. तिच्या आईबापांची नावं मिळणार नाहीत हे मी मान्य केलं आणि चरित्रात तिचं प्रकरण तिथूनच सुरू केलं: दुष्काळ कसा होता, मुलांना कुठे ठेवलं, काय शिकवलं, कोणतं काम दिलं. तुमच्या घरी अशी खापरपणजी असेल तर तिच्या मागे बनावट घराणं जोडू नका. ती एकटी आली आणि तिच्यापासून सगळं सुरू झालं, हेच लिहा.

इंग्रजीत लिहिलेल्या जुन्या नोंदींत आडनावं कानाला ऐकू आली तशी उतरवलेली असतात. साळवे की साळवी, ओहोळ की ओव्हाळ, असे सगळे पर्याय आधीच कागदावर काढून घ्या.

सरकारी आणि शाळेचे कागद पूरक आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून प्रवेश-निर्गम उतारा मागा. त्यात आधीची शाळा आणि पालकाचं नाव असतं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती शाळेत घालताना गुरुजींनी ठरवलेली तारीख असण्याचीच शक्यता जास्त. बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ती ताडून पाहा. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागता येतं. त्या काही ठिकाणी मोडी लिपीत असतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि तिथे शिकलेली माणसं बहुतेक मोठ्या गावांत भेटतात. घरची थोडी जमीन असेल तर वारस नोंदीचा फेरफार काढा. त्यात मुलींची नावं असतात, अगदी ज्यांनी नंतर हक्क सोडला त्यांचीही.

छापील साहित्यात 'ज्ञानोदय' सगळ्यांत महत्त्वाचा. १८४२ साली नगरला सुरू झालेलं हे नियतकालिक. त्यात लग्नाच्या, बदलीच्या बातम्या आणि मृत्युलेख सापडतात. अमेरिकन मिशनचे वार्षिक अहवालही छापले जात, आणि तिची कागदपत्रं अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तिथे आपल्या आजीचं नाव मिळेल या आशेने जाऊ नका. गावात शाळा कधी निघाली, मुलींचं बोर्डिंग कधी वाढलं, हा संदर्भ मिळतो, आणि तो पुरेसा मोलाचा आहे. नगरच्या मुलींच्या शाळांमागे मिस सिंथिया फॅरार यांचं काम होतं. १८२७ साली एकट्या मुंबईला आलेल्या, १८३९ पासून नगरला राहिलेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारलेल्या या बाईंचं नाव आजीच्या पिढीला ठाऊक नव्हतं. पण 'मुलीला शिकवायचं असतं' ही गोष्ट त्या घरांत इतक्या लवकर कशी रुजली, याचं उत्तर त्या शाळांमध्ये आहे. चरित्रात असा संदर्भ एक-दोन परिच्छेदांपुरता ठेवा. चरित्र आजीचं आहे, मिशनचं नव्हे.

कबरस्तानात उन्हाळ्याच्या आधी जा, गवत वाळलेलं असतं तेव्हा. सकाळचं तिरपं ऊन अक्षरांवर पडलं की पुसट झालेलं नावही वाचता येतं. दगड खरवडू नका, ॲसिड तर अजिबात लावू नका. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. कबरीवर कोणतं वचन कोरलंय ते टिपा आणि ते कोणी निवडलं ते विचारा. दगड नसलेल्या कबरीही असंख्य आहेत. त्यांच्यासाठी दफनाची वही.

आता सगळ्यांत अवघड भाग, जातीचा. आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती घरं ज्या समाजांतून आली ते सगळ्यांना माहीत असतं आणि बैठकीत कोणी बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती माणसांना मिळाला नाही. त्यामुळे एकाच घरात भावाभावांच्या दाखल्यांवर वेगळा धर्म, वेगळी जात लिहिलेली आढळते. त्यामागे पोराबाळांच्या शिक्षणाची आणि नोकरीची काळजी होती. तुम्ही शोधायला जाल तेव्हा हे समोर येणारच. माझं मत स्पष्ट आहे: मेलेल्या माणसांबद्दल खरं लिहा. पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते, पाणी कुठून भरत होते, शाळेत कुठे बसत होते, हे गाळलं तर त्यांनी बाप्तिस्मा का घेतला आणि आजीला लिहिता-वाचता आलं याचं घरात एवढं अप्रूप का होतं, हे वाचणाऱ्याला समजणारच नाही. मात्र जिवंत माणसांचे दाखले, जात, धर्म यांतलं एक अक्षरही त्यांच्या परवानगीशिवाय छापू नका. मी त्या भागाचा मसुदा आधी मामांना आणि मावश्यांना वाचून दाखवला. एका मावशीने दोन ओळी काढायला सांगितल्या. त्या काढल्या.

धर्मांतराची गोष्ट प्रत्येक घरात एका ठरलेल्या साच्यात सांगतात: स्वप्न पडलं, आजार बरा झाला, साहेब घोड्यावरून आले. ती तशीच लिहून घ्या, ती त्यांची साक्ष आहे. त्याच्या शेजारी बाकीचे प्रश्नही विचारा. कोण चिडलं, कोणी पंगतीतून उठवलं, सोयरीक कुठे तुटली, काय सोडलं नाही? आजी जात्यावर येशूच्या ओव्या म्हणायची. चाल तिच्या आजीची होती, शब्द देवळातले. रेव्हरंड टिळकांची भजनं तिला तोंडपाठ होती आणि ती टाळावर म्हटलेलीच तिला आवडत. नाताळात करंज्या शेजारच्या सगळ्या आळीत जायच्या, आणि दिवाळीचा फराळ तिकडून यायचा. हे सगळं तिच्या विश्वासाचाच भाग म्हणून लिहा, वेगळी टीप करून नको.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरू करू नका. तिचा एक रविवार पूर्ण लिहा. शनिवारी रात्री पांढऱ्या लुगड्याला खळ, सकाळी पहिल्या घंटेला चूल विझवणं, अर्पणाचे पैसे रुमालाच्या गाठीत, बायकांच्या बाजूचा तिचा ठरलेला बाक, प्रभुभोजनाच्या (कम्युनियनच्या) आधी ती कोणाशी बोलायला उठली, उपासनेनंतर कोणत्या आजारी बाईच्या घरी गेली. जे माहीत नाही ते कल्पनेने भरू नका, पुन्हा जाऊन विचारा. हा एक रविवार नीट उभा राहिला की त्यातल्या प्रत्येक गोष्टीतून मागे जाता येतं: लुगडं कोणी दिलं, तो बाक तिचा कसा झाला, त्या आजारी बाईशी आधी भांडण का होतं.

भांडणं लिहाच. मंडळीत दोन तट पडले तेव्हा आजी सहा महिने महिला मंडळाच्या सभेला गेली नाही, आणि नंतर स्वतःहून पुढाकार घेऊन दोन्ही बाजूंच्या बायकांना नाताळाच्या तयारीला एकत्र बसवलं. मृत्युलेखात असतात तसे 'प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील' हे शब्द मी एकदाही वापरले नाहीत. ती प्रार्थना कधी करायची, कोणासाठी, मोठ्याने की मनात, हे लिहिलं. ती कंदील पुसताना करायची, आणि ज्यांच्याशी पटत नाही त्यांची नावं आधी घ्यायची.

दोन कागदांत दोन तारखा असतील तर दोन्ही लिहा आणि कोणती कुठून आली ते त्याच वाक्यात सांगा. ऐकलेली गोष्ट कोणी सांगितली, तेही लिहा. 'ख्रिस्तवासी' म्हणून जिच्याबद्दल लिहायचं तिच्या मृत्यूची हकीकत थोडक्यात ठेवा. दवाखाना, डॉक्टर, चुकलेले उपचार यांच्यात पानं घालवू नका.

छपाई साधी करा. कॉम्प्युटरवर टाइप करून सर्पिल बांधणीच्या प्रती काढल्या तरी चालतं, पण अक्षर मोठं ठेवा, कारण पहिले वाचणारे सत्तरीच्या पुढचे असतात. शेवटी चार-पाच पानं कोरी सोडा आणि प्रत देताना सोबत पेन्सिल द्या. दुरुस्त्या त्याच पानांवर येतात, आणि दुसरी आवृत्ती त्यांतूनच तयार होते. एक प्रत मंडळीच्या कपाटात ठेवायला पाळकांकडे द्या, एक आजीच्या माहेरच्या मंडळीला पाठवा.